ओढ्याकाठची मेंबरीण

मनकर्णा उंबरसरला पहिल्यांदा आली ती ऊसतोडीच्या टोळीबरोबर, बापाच्या बैलगाडीत बसून. तिचं माहेर पाथर्डीच्या पलीकडं, माळावर. तिथं पाणी म्हणजे घागर डोक्यावर घेऊन अर्धा दिवस चालणं. इथं कारखान्याच्या ठेकेदारानं टोळीला गावाबाहेर ओढ्याच्या काठावर कोप्या घालायला जागा दिली. पौष महिना होता, आणि ओढ्याला पाणी होतं. दोन्ही काठांना जांभळी, करंज, उंबर अशी दाटी, खाली बोटभर पाणी वाळूवरनं सरकतंय. मनकर्णानं घागर भरून कोपीत ठेवली, आणि मग परत जाऊन बघून आली, पाणी अजून आहे का गेलं. आई तिला हसली. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल.

पुढच्या दोन हंगामांत ओळखीपाळखी निघाल्या, पावण्यातला पावणा सापडला, आणि ओढ्याकाठच्याच आसारामशी तिचं लग्न लागलं. आसारामचा बाप कारखान्यात ऊस टाकायच्या गव्हाणीवर कामाला होता, नंतर आसारामही लागला. जमीन होती ती भावकीत वाटून चिमूटभर उरलेली. घर मातीचं, दोन खणांचं, मागच्या दारातनं उतरलं की ओढा. सासरी गेलेल्या पोरी माहेर आठवून रडतात. मनकर्णा रडली नाही. तिला मागचं दार पुरत होतं.

ओढा काही मोठा नव्हता. वरच्या माळावरनं यायचा, गावाला कमरेशी वळसा घालायचा आणि खाली जाऊन नदीला मिळायचा. उन्हाळ्यात वरचं पाणी आटलं तरी वाळूत हातभर खड्डा केला की गोड पाणी झिरपायचं. त्याला सगळे झिरे म्हणायचे. ज्याचा त्याचा झिरा ठरलेला. मनकर्णाच्या शेजारी लंकाबाईचा. लंकाबाई तिच्याहून बरीच थोरली, नवरा हमाली करता करता गेला, मुलं मुंबईला गेली ती तिकडंच राहिली. दोन शेळ्यांवर आणि लोकांच्या शेतातल्या खुरपणीवर तिचं चालायचं. मनकर्णा तिला मावशी म्हणायची. पहिल्या बाळंतपणात तिचं सगळं लंकाबाईनंच केलं होतं. ते मूल राहिलं नाही, आणि दुसरं झालं नाही. त्या दिवसांत मनकर्णा दुपारभर उंबराखाली बसून असायची, आणि लंकाबाई तिच्या शेजारी शेळ्या राखायची.

सदुसष्ट साली नगरपालिकेची निवडणूक आली तेव्हा काकासाहेबांच्या पॅनेलला एक बाई हवी होती. काकासाहेब गावचे जुने पुढारी, बोलायला गोड, कुणाच्याही दारात मांडी घालून बसणारे. चांगल्या घरातल्या बायका कुणी उभ्या राहीनात. मग कुणीतरी आसारामचं नाव काढलं. माणूस सरळ, बायकोला चौथीपर्यंत शाळा झालेली.

"तुमी निसतं यायचं आन बसायचं, बाई," काकासाहेबांचा माणूस म्हणाला. "बाकीचं आमी बघतो."

मनकर्णा निवडून आली आणि बसली. सभेत तिची खुर्ची भिंतीकडेची. डोक्यावरचा पदर सावरत ती बसायची, सगळ्यांचे हात वर झाले की आपला करायची, आणि चहाबरोबर आलेला चिवडा कागदात बांधून घरी आणायची. गल्लीत सगळे तिला मेंबरीण म्हणायला लागले. आधी चेष्टेनं, मग सवयीनं.

अशी तीनेक वर्षं गेली. कारखान्यामुळं गाव फुगत होतं. बाहेरचे व्यापारी आले, बँक आली, खताची दुकानं आली. जुन्या पेठेत जागा उरली नव्हती. नव्या पेठेचं चाललंय असं मनकर्णाच्या कानावर होतं, पण कुठं, ते तिनं विचारलं नव्हतं. एका सभेत ओव्हरसियरनं टेबलावर नकाशा पसरला. ओव्हरसियर राधाकृष्ण म्हणून कोपरगावकडचा तरुण होता, नुकता लागलेला. तो सांगत होता, अमुक ठिकाणी रस्ता, अमुक ठिकाणी गाळे, आणि मधला ओढा नळ्या टाकून बुजवायचा. हात वर व्हायला लागले. मनकर्णाचाही हात सवयीनं निम्मा वर गेला होता, तो तिनं खाली घेतला.

"मला इचारायचंय," ती म्हणाली.

सभागृहात सगळे वळून बघायला लागले. काकासाहेबांनी चष्मा काढला. "विचारा की, मनकर्णाबाई."

"कंचा वढा?"

"तुमचाच की. दुसरा कुठला आहे गावात?"

मग ती जे मनात आलं ते बोलत गेली. तिकडं धुणं होतं, जनावरं पितात, उन्हाळ्यात झिरे असतात. म्हातारी माणसं झाडाखाली बसतात. आमच्या भागात दुसरं काहीच नाही. ना दवाखाना, ना दिवा, ना संडास. एक ओढा आहे, तो तरी ठेवा. गाळे दुसरीकडं बांधा. बोलताना तिचा आवाज चिरकत होता आणि हे तिचं तिलाच ऐकू येत होतं.

कुणी हसलं नाही. काकासाहेबांनी मान हलवली आणि राधाकृष्णाकडं वळून म्हणाले, "बघा बरं, बाईंचं म्हणणं बसवता येतंय का."

राधाकृष्ण दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच ओढ्यावर आला. मनकर्णा त्याच्याबरोबर वरच्या मोरीपासून खालच्या वळणापर्यंत चालली. लंकाबाई शेळ्या घेऊन मागनं. बाभळींच्या फांद्यांना सुगरणींचे खोपे लोंबत होते, ते बघत तो थोडा वेळ थांबला.

"मला तरी कुठं बुजवायला आवडतंय," तो म्हणाला. "वरच्या सगळ्या माळाचं पाणी यातनं जातं. नळ्या टाकल्या तर एखाद्या मोठ्या पावसात तुंबेल, हे कळतंय मला. पण गाळ्यांना रस्त्याची कड हवी, म्हणून सगळ्यांची नजर इथंच आहे."

"मंग आता?"

"दोन्ही काठांना मोकळी पट्टी सोडतो. गाळे मागं सरकवू. पट्टीत बाग दाखवतो. बाग म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही."

तसंच झालं. पुढच्या सभेत ठराव आला: ओढ्याच्या काठांना बांधकाम नको, झाडं राखायची, पुढंमागं बाग करायची. सगळे हात वर झाले. मनकर्णानं घरी येऊन गल्लीत साखर वाटली. आसाराम तसा अबोल माणूस. तो चिमूटभर साखर तोंडात टाकून म्हणाला, "मेंबरीण झालीस म्हनायची आता."

त्या वर्षी तिनं ओढ्याची राखणच मांडली. कुणी जळणासाठी ओली फांदी तोडली तर भांडायला जायची. करंजाची रोपं ओढ्याच्या वाळूच्या कडेला उगवली होती, त्यांना बायकांना घेऊन काट्यांचं कुंपण घातलं. गावातला एक वाळूवाला रात्रीच्या अंधारात गाड्या भरून नेतो म्हणून तिनं काकासाहेबांच्या दारात जाऊन सांगितलं, आणि काकासाहेबांनी तो उपसा बंदही केला. चाळिशीत पोचल्यावर तिला पहिल्यांदा वाटलं की आपलं म्हणणं कुणीतरी ऐकतं. ती सभेला जाताना धुतलेलं लुगडं नेसायला लागली आणि खुर्ची भिंतीपासून थोडी पुढं ओढून बसायला लागली.

एकाहत्तरचा पाऊस ओढून ताणून झाला. बाहत्तरला झालाच नाही. ज्येष्ठ कोरडा, आषाढ कोरडा, श्रावणात ढग यायचे आणि वाऱ्याबरोबर निघून जायचे. बाजरी वितभर उगवून करपली. ओढ्याचं वरचं पाणी पोळ्याच्या आतच गेलं. झिरे तेवढे राहिले. गावातले आड खाली गेल्यावर पेठेतल्या बायकाही घागरी घेऊन ओढ्यात उतरायला लागल्या. ओढ्याकाठच्या लोकांची कुरकुर सुरू झाली.

"आपलंच पानी आपल्याला पुरंना आन ह्या कुठनं आल्या," लंकाबाई म्हणाली.

"पिऊ द्या, मावशे. बघतील तरी वढा कशाला पायजे ते," मनकर्णा म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

पण झाडांचं तिला आवरेना. चारा संपला होता. ज्याच्याकडं एखादी म्हैस, एखादी शेळी उरली होती तो कोयता घेऊन झाडावर चढत होता. आधी उंबर ओरबाडला गेला, मग करंज, मग जांभळी. एक दिवस तिनं लंकाबाईलाच उंबराच्या फांद्या ओढताना धरलं.

"मावशे, तुमी सुदीक?"

लंकाबाईनं फांदी सोडली नाही. "शेळीला काय घालू, सांग. तुझा ठराव घालू व्हय?"

मनकर्णा तशीच माघारी आली. त्यानंतर तिनं कुणाला हटकलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला तिचा धाकटा भाऊ भीमा दारात येऊन उभा राहिला. बरोबर बायको गोजरबाई आणि तीन लेकरं. बैलगाडी नव्हती.

"बैलं कुठंयत?" मनकर्णानं विचारलं.

"घोडेगावच्या बाजारात घातले, अक्का. कातड्याच्या भावानं गेले." भीमा उंबऱ्यावर टेकला. "चालत आलो तिथून. मह्या लेकरांनी कालपून काही खाल्लं नाही."

भीमाला उसाची तोड मिळेल अशी आशा होती. पण ऊसच वाळला होता. कारखान्याची धुराडी पेटून महिना-दीड महिन्यात विझली, आणि आसारामसारखे हंगामी कामगार घरी बसले. एका चुलीवर सात माणसं झाली. रेशनवर लाल मिलो मिळायचा, परदेशातनं आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना फुटायची आणि खाल्ली की लेकरांची पोटं दुखायची. सरकारी दुष्काळी कामं निघाली होती, खडी फोडायची, रस्त्यांची, पण लांब. आणि तिथंही आधीच माणसं मावत नव्हती. भीमा रोज पहाटे निघायचा आणि दुपारी परत यायचा. भिंतीला पाठ लावून समोर बघत बसणं, एवढंच तो करायचा. त्याचं धाकटं पोर रडायचंही थांबलं होतं.

रोज सकाळी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर माणसं येऊन बसायला लागली. ती काही मागत नव्हती, ओरडत नव्हती. नुसती बसायची. काकासाहेबांना तेवढ्यातनं वाट काढत आत जावं लागायचं.

मग ती बातमी आली. तहसीलदार गावात दुष्काळी काम द्यायला तयार आहेत, पण काम असं हवं की लगेच सुरू होईल, आखणी तयार असेल आणि शेकडो माणसांना पुरेल. काकासाहेबांकडं असं एकच काम होतं. ओढ्यालगतचं पांढरीचं, म्हणजे पडक्या जुन्या गावठाणाचं, टेकाड फोडायचं, त्याची माती ओढ्यात टाकायची, आणि वर नव्या पेठेचा रस्ता काढायचा. बागेचा ठराव फिरवायचा. व्यापाऱ्यांनी गाळ्यांसाठी दोन वर्षं धरलेला धोशा मनकर्णाला ठाऊक होता. दुष्काळ काकासाहेबांना बरा सापडला, असं तिला वाटलं. पण पायऱ्यांवरची माणसं काही काकासाहेबांनी आणून बसवली नव्हती, हेही तिला दिसत होतं.

ती राधाकृष्णाला जाऊन भेटली. तो ऑफिसच्या ओसरीत उभा होता, समोर माणसांची रांग.

"सायेब, तुमीच म्हनला व्हता, पानी तुंबंल."

"आजही म्हणतो, बाई. काकासाहेबांनाही सांगितलं. ते म्हणाले, पाऊस पडू दे आधी." त्यानं रांगेकडं हात केला. "यांना काय सांगू मी?"

सभेच्या आदल्या संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिच्या अंगणात येऊन बसल्या. लंकाबाई पुढं होती. तिच्या शेळ्या एव्हाना गेल्या होत्या, एक मेली, एक विकली.

"उद्या काय करनारेस?" लंकाबाईनं विचारलं.

"न्हाई म्हननार हाय. दुसरं काम मागनार. गावतळ्यातला गाळ काढा म्हननार."

"कवा मिळंल त्ये?"

"मागून तर बघते," मनकर्णा म्हणाली.

"हे बघ मने," लंकाबाई म्हणाली, "वढा आमाला नकोय का? माजं सगळं आयुष्य त्याच्यात धुतलं मी. पन उद्याच्याला चूल पेटली न्हाई तर वढ्याचं पानी पिऊन मरायचं का? झिरं बी आता वाटीवाटीनं भरत्यात. हात वर कर. आमच्यासाठनं कर."

आत गोजरबाई लेकराला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून होती. ती एक शब्द बोलली नाही. भीमाही बोलला नाही. ती दोघं काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं मनकर्णाला वाटलं.

सभेत ती उठली आणि तळ्याचं बोलली. काकासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमचं म्हणणं चूक नाही, बाई. पण तळं पाटबंधाऱ्याकडं आहे. त्यांची मंजुरी यायला उन्हाळा उजाडेल. तोवर ही माणसं थांबतील का, तुम्हीच सांगा." त्यांच्या बोलण्यात खोट काढावी तर निघत नव्हती. "लोकांची इच्छा तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही तुमच्याविरुद्ध जाऊ इच्छित नाही. तुम्हीच सुचवा म्हणतो मी हा ठराव. तुमचाच भाग आहे."

खिडकीतनं पायऱ्या दिसत होत्या. लंकाबाई बसली होती, तिच्या शेजारी गोजरबाई, पदराखाली पोर. भीमा उन्हात उभा होता.

"मी सुचवीत न्हाई," मनकर्णा म्हणाली. "दुसऱ्या कुनी सुचवा. मी हात वर करते."

तिनं हात वर केला. ठराव एकमतानं झाला.

काम तिसऱ्या दिवशी सुरू झालं. आधी झाडं. एका वखारवाल्यानं लिलावात सगळी उचलली. तोडायला माणसं हवी होती, भीमा कुऱ्हाड घेऊन गेला. जांभळी पडताना मोठा आवाज झाला नाही. पानं आधीच ओरबाडून गेलेली, नुसत्या फांद्यांचा करकर आवाज. उंबराला मात्र दोन दिवस लागले. भीमा संध्याकाळी आला तेव्हा त्याच्या हातांना चीक लागला होता आणि कमरेला धान्याचं गाठोडं होतं. गोजरबाईनं भाकरी केल्या. सगळी जेवली. मनकर्णाही जेवली. भूक लागली होती.

मग मातीचं काम. पुरुष टेकाड फोडायचे, बायका पाट्या वाहायच्या. मनकर्णा पहिले काही दिवस घरात राहिली. पण कारखान्यातला आसारामचा पगार बंद, आणि खाणारी तोंडं तेवढीच. एका सकाळी तिनं पदर खोचला, चुंबळ घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मुकादमानं तिच्याकडं बघितलं.

"मेंबरीणबाई, तुमी?"

"लिवा नाव," ती म्हणाली.

टेकाडापासून ओढ्यापर्यंत बायकांची माळ लागायची. माती उचलायची, चालायचं, टाकायची, परत फिरायचं. दुपारी सरकारी सुकडी, भाजलेलं गोड पीठ, वाटली जायची. लेकरं वाट्या घेऊन ओळीनं बसायची. भीमाच्या पोराच्या गालांवर थोडा रंग आला. दुसऱ्या बाजूनं माती सरकत सरकत खालच्या वळणापासून वर येत होती. काट्यांचं कुंपण घातलेली करंजाची रोपं कधी गेली ते तिनं पाहिलंही नाही. त्या दिवशी ती टेकाडाकडच्या टोकाला होती.

सगळ्यात शेवटी झिऱ्यांची पाळी आली. त्या सकाळी बायकांनी मुकादमाला थोडा वेळ मागून घेतला. वाटीवाटीनं पाणी काढलं, घागरी भरल्या, तळाची वाळू ओली लागेपर्यंत. लंकाबाईनं आपल्या झिऱ्यातलं शेवटचं पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं आणि वर चढून आली. मुकादम म्हणाला, चला. पहिली कोण टाकणार म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघत राहिल्या. मनकर्णा पुढं झाली आणि तिनं पाटी उलटी केली. माती पडली, कडेनं थोडी भिजली, आणि मग दुसरीची पडली, तिसरीची पडली. त्या दिवशी संध्याकाळी ती मागच्या दारानं बाहेर गेली नाही. दाराला आतनं कडी घातली.

मातीखाली नळ्या टाकायच्या होत्या त्या आधीच टाकल्या होत्या, पण गोदामात पडून होत्या त्या बारक्या. मोठ्या मागवायला वेळ नव्हता, असं सांगण्यात आलं. राधाकृष्ण काठावर उभा राहून बघत होता. त्यानं मनकर्णाला नमस्कार केला. तिनंही केला. पुढं त्याची बदली झाली.

त्र्याहत्तरला पाऊस बरा झाला. मृगातच भीमा जायला निघाला. जाताना तो तिच्या पाया पडला.

"अक्का, त्या कामानं मही लेकरं जगली," तो म्हणाला. "न्हाई तर एखादं तरी गेलं असतं."

ते खरं होतं. मनकर्णानं गोजरबाईच्या ओटीत थोडं धान्य घातलं आणि वेशीपर्यंत त्यांना घालवून आली. परत येताना नव्या रस्त्यानं आली. रस्त्याच्या कडेला गाळ्यांचे चौथरे बांधून होत होते, गुडघ्याच्या वर उंच, दगडी. तिथं सावली कुठंच नव्हती.

भादव्यात एक दिवस सकाळपासून जोराचा पाऊस लागला, आणि दुपारी वरच्या माळाचं पाणी आलं. ते आपल्या जुन्या वाटेनंच आलं. नळ्यांच्या तोंडाशी काटक्या, चिंध्या, पाला अडकला, आणि पाणी रस्त्यावरनं ओढ्याकाठच्या घरांत शिरलं. गाळ्यांच्या उंच चौथऱ्यांना ते लागलंही नाही. मनकर्णाच्या घरात मांडीइतकं पाणी झालं. आसारामनं मिलोची थैली आढ्याला टांगली आणि दोघं उतरंडीशेजारी उभी राहिली. शेजारी धप्पकन आवाज झाला. लंकाबाईची मागची भिंत बसली होती. लंकाबाई पुढच्या दारात चौकट धरून होती, तिला काही लागलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत आणखी आठ-दहा घरांच्या भिंती बसल्या.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब धोतर वर धरून चिखलातनं आले. प्रत्येकाच्या दारात थांबले. पत्रे देतो म्हणाले, आणि दिले. ज्यांची घरं पडली त्यांना कारखान्याच्या पलीकडं, मळीच्या खड्ड्यांजवळ, तात्पुरती जागा दिली. पडलेल्या घरांच्या जागेत कुणी पुन्हा बांधू नये असं ठरलं, कारण तिथं पाणी येतं. पुढल्या वर्षी त्याच जागेवर उंच चौथरे घालून आणखी गाळे झाले.

मनकर्णा आठवड्याच्या बाजाराला जाताना लंकाबाईकडं वाकडी वाट करून जायची. मळीचा वास लांबूनच यायचा. नाकात गेला की डोकं उठायचं. पत्र्याच्या खोपटात लंकाबाई दिवसभर पडून असायची. तिला खोकला लागला होता.

"मावशे, मी हात वर केला नसता तर," एकदा मनकर्णा म्हणाली.

"तर काय?" लंकाबाई म्हणाली. "मीच तुला सांगाया आल्ते की. तू केला नसता तर दुसऱ्यानं केला असता. आन आपुन भुकेनं मेलो असतो." तिला ढास लागली. ती थांबल्यावर म्हणाली, "पानी आनतीस का घागरभर? हितलं पानी वास मारतं."

मनकर्णानं गावातल्या नळाची घागर नेऊन दिली. पुढं जवळजवळ रोज द्यायला लागली. त्या हिवाळ्यात लंकाबाई गेली. मुंबईहून एक मुलगा आला, दिवस घालून परत गेला.

चौऱ्याहत्तरला निवडणूक लागली. काकासाहेब स्वतः घरी आले, ओल्या भिंतीला पाठ न लावता खाटेवर बसले.

"पुन्हा उभं राहायचं, बाई. तुमच्यासारखं समंजस माणूस मिळत नाही. आम्ही कडेनं गुलमोहर लावतोय रस्त्याला. तुमची हौसही भागेल."

मनकर्णानं चहा दिला. "न्हाई," ती म्हणाली.

"का? आमचं काही चुकलं का?"

काकासाहेबांचं नेमकं काय चुकलं ते तिला बोटानं दाखवता येईना, आणि आपलंही. "माझ्याच्यानं व्हत न्हाई आता," एवढंच ती म्हणाली. काकासाहेबांनी चहा संपवला आणि गेले. त्या जागी एका कापडवाल्याची सून विजयमाला निवडून आली. गुलमोहराची रोपं लावली, फोटो निघाले. त्या उन्हाळ्यात कुणी पाणी घातलं नाही म्हणून बरीचशी वाळली, उरलेली जनावरांनी खाल्ली.

मनकर्णा आता नळाच्या रांगेत उभी राहायची. नळाला दिवसाआड पाणी यायचं, कधी येतच नसे. रांगेत भांडणं व्हायची. ती भांडत नसे. पाणी संपलं की रिकामी घागर घेऊन घरी यायची. गल्लीतल्या नव्या सुना तिला आता आजी म्हणायच्या. मेंबरीण हे नाव हळूहळू मागं पडलं.

पाऊस लागला की घरात पाणी यायचंच. म्हणून मे महिना संपता संपता आसारामनं कारखान्याच्या कामावरून थोडे दगड आणले आणि पुढच्या दाराचा उंबरा एका थरानं वाढवला. मनकर्णा त्याला चुन्याचं घमेलं देत होती. काम झाल्यावर दोघं बाहेर उभं राहून बघत राहिली.

"पुरंल का एवढं?" तिनं विचारलं.

"न्हाई पुरनार," आसाराम म्हणाला. "पुढल्या साली आनखी एक थर लावू."

"लावू," ती म्हणाली, आणि घमेलं धुवायला पाणी नव्हतं म्हणून तसंच भिंतीला टेकवून ठेवलं.